आहारतज्ज्ञ आणि जिम ट्रेनर : यांचं शिक्षण नक्की काय असतं?

मृण्मयी_वर्तकनगर · रविवार, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. जरा मोठा होईल.

माझे बाबा ६७ वर्षांचे. चौदा वर्षं मधुमेह, सहा-सात वर्षं बीपी. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड, बीपीची गोळी वेगळी. रोज उपवन तलावाला फेऱ्या मारणारा माणूस. पावसाळ्यात चालणं बंद पडलं म्हणून भावाने घराजवळच्या जिममध्ये त्यांचं नाव घातलं. तीन महिन्यांच्या पॅकेजमध्ये पर्सनल ट्रेनर आणि डाएट प्लॅन मोफत होता. ट्रेनर पंचविशीतला, फार गोड स्वभावाचा मुलगा. 'काका, काका' करत हाताला धरून शिकवायचा. बाबा खूश होते.

आठव्या दिवशी त्याने फोनवर तक्ता पाठवला. भात, पोळी, भाकरी बंद. संध्याकाळी सातनंतर काही खायचं नाही. सकाळी रिकाम्या पोटी व्यायाम, मग सहा अंड्यांचं पांढरं आणि प्रोटीन पावडरचे दोन स्कूप. बाबा निवृत्त शिक्षक, सांगितलेलं शब्दशः पाळणारे. 'सरांनी सांगितलंय' म्हणून सगळं सुरू केलं. गोळ्या मात्र जुन्याच वेळेला, जुन्याच मात्रेत चालू राहिल्या. तक्त्यात गोळ्यांचं नावच नव्हतं आणि त्यांना कोणी विचारलंही नव्हतं.

चौथ्या सकाळी जिमला निघाले आणि जिन्यात खाली बसले. सदरा घामाने चिंब, हात थरथरतायत, आणि मला आईच्या नावाने हाक मारत होते. आई जाऊन पाच वर्षं झाली. मी पळत जाऊन ग्लुकोमीटर आणला. साखर ४८. गिळता येत होतं म्हणून तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा बोट टोचलं, मग रिक्षा करून दवाखाना. डॉक्टरांनी रात्रभर ठेवून घेतलं, कारण या गोळीमुळे एकदा वर आलेली साखर काही तासांनी परत घसरू शकते.

बाबा आता बरे आहेत.

मी त्या मुलाला भेटायला गेले ती भांडायच्या तयारीनेच. त्याने आपली दोन्ही सर्टिफिकेटं समोर ठेवली. एक ट्रेनरच्या कोर्सचं, काही आठवड्यांचं. दुसरं पोषणाचं, दोन दिवसांच्या ऑनलाइन कोर्सचं. त्याचे डोळे भरून आले होते. म्हणाला, "ताई, गोळीचा आणि जेवणाचा असा संबंध असतो हे मला कोणी शिकवलंच नाही हो." मला भांडता आलं नाही. पण तेव्हापासून झोप नीट लागत नाहीये. डाएटिशियन, न्यूट्रिशनिस्ट, वेलनेस कोच, सर्टिफाइड ट्रेनर यांत फरक काय? कोण किती शिकलेलं असतं? ते कोणी तपासतं का? आपल्यात या क्षेत्रातले कोणी असतील तर कृपया लिहा.

रेवाची_आई · रविवार, रात्री १०:१५

बापरे. काळजी घ्या बाबांची. वाचतेय.

कोपरीकर · रविवार, रात्री १०:३२

वाईट झालं. पण सर्टिफिकेटाने काय होतं? माझे काका तालमीत तयार झाले. वस्तादांना सही इंग्रजीत येत नव्हती, पण कोणाच्या खांद्यात काय बिघडलंय ते चालीवरून सांगायचे. आज भिंतीवर चार फ्रेम लावलेले ट्रेनर आहेत आणि त्यांना साधी बैठक बघता येत नाही. अनुभव महत्त्वाचा.

पालेभाजी · सोमवार, सकाळी ७:०५

मृण्मयी, तुम्ही त्या क्षणी केलंत ते अगदी योग्य होतं. साखर ७० च्या खाली गेली, माणूस शुद्धीवर आहे आणि गिळू शकतोय, तर पंधरा ग्रॅम साखर, पंधरा मिनिटं थांबून पुन्हा तपासणी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, सरळ हॉस्पिटल. हे प्रत्येक मधुमेही माणसाच्या घरात सगळ्यांना पाठ हवं.

मी आहारतज्ज्ञ आहे, नेरूळला राहते. सोळा वर्षं हॉस्पिटलमध्ये काम केलं, आता स्वतःचं क्लिनिक आहे. तुमच्या प्रश्नाचं उत्तर सविस्तर देते, कारण माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांनाही हा फरक माहीत नसतो.

आधी बाबांचं काय झालं ते. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते. पोटात अन्न आलंय की नाही हे ती बघत नाही. नाश्त्याबरोबर घ्यायची गोळी बाबांनी घेतली, नाश्ता नाही, आदल्या रात्री सातपासून उपाशी, त्यात कर्बोदकं चार दिवस जवळजवळ बंद आणि वरून व्यायाम. साखर पडणारच होती. एकट्या मेटफॉर्मिनवर असते तर असं होण्याची शक्यता फार कमी होती. म्हणजे तोच तक्ता शेजारच्या मधुमेही काकांना कदाचित चालून गेला असता, आणि मग सगळे म्हणाले असते की ट्रेनर हुशार आहे. गोळीचं नाव न विचारता दिलेला तक्ता म्हणजे जुगारच.

आता शिक्षण. माझ्या मार्गाने येणारी मुलगी बारावीनंतर तीन-चार वर्षं पदवी घेते, गृहविज्ञानात अन्न आणि पोषण किंवा क्लिनिकल न्यूट्रिशन असा विषय घेऊन. त्यात जीवरसायनशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, अन्नरसायन असतं. मग एम.एस्सी. किंवा डायटेटिक्सचा पीजी डिप्लोमा. त्यानंतर हॉस्पिटलमध्ये इंटर्नशिप. माझ्या मते खरं शिक्षण तिथे होतं. नाकातल्या नळीने जेवण दिल्या जाणाऱ्या रुग्णाला किती मिलिलिटर, दर किती तासांनी, जुलाब लागले तर काय बदलायचं. डायलिसिसच्या रुग्णाचं पोटॅशियम किती. भाजलेल्या बाईला किती प्रथिनं. पहाटे हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात उभं राहून मावशींना ट्रे समजावून सांगायचे. माझ्या पहिल्याच महिन्यात मी मूत्रपिंडाच्या रुग्णाला संत्र्याचा रस लिहिला होता. वरिष्ठ बाईंनी तो ट्रे निघण्याआधी थांबवला आणि रिपोर्ट हातात देऊन पोटॅशियमचा आकडा मोठ्याने वाचायला लावला. ती चूक मला कुठल्याही ऑनलाइन कोर्सने दाखवली नसती.

एवढं झाल्यावर इंडियन डायटेटिक असोसिएशनची परीक्षा देता येते. ती पास झाली की नावापुढे आर.डी. लागतं, रजिस्टर्ड डाएटिशियन, आणि नोंदणी क्रमांक मिळतो. तो क्रमांक विचारायला अजिबात संकोच करू नका. विचारला तर मला राग येत नाही, उलट बरं वाटतं.

'न्यूट्रिशनिस्ट' हा शब्द मात्र वर्षानुवर्षं मोकळा होता. पदव्युत्तर शिक्षण घेतलेली माझी मैत्रीणही न्यूट्रिशनिस्ट आणि दोन दिवसांचा कोर्स केलेला तो मुलगाही न्यूट्रिशनिस्ट. 'वेलनेस कोच', 'डाएट कोच' यांना तर अर्थच नाही, वाटेल त्याने लावावं. आर.डी. ही व्यावसायिक संघटनेची नोंदणी होती, कायद्याची सक्ती नव्हती. २०२१ मध्ये संसदेने संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या अनुसूचीत फिजिओथेरपिस्ट, लॅब तंत्रज्ञ यांच्याबरोबर आहारतज्ज्ञ आणि न्यूट्रिशनिस्ट, अगदी खेळाडूंसाठीचे न्यूट्रिशनिस्टसुद्धा आहेत. राज्य परिषदा, नोंदवही, अभ्यासक्रमाचे किमान तास, सगळ्याची तरतूद आहे. कायद्याच्या व्याख्येत आरोग्यसेवा व्यावसायिकाची पदवी किमान ३,६०० तासांची, तीन ते सहा वर्षांत पसरलेली असावी लागते. दोन दिवसांचे तास किती होतात ते तुम्हीच मोजा.

क्लिनिकची वेळ झाली, रात्री परत येते.

खारघरचा_नितीन · सोमवार, सकाळी ९:४०

वेगळं मत मांडतो. मी ४४, मधुमेह पाच वर्षं. गेल्या महिन्यापासून कीटो करतोय, म्हणजे कर्बोदकं जवळजवळ बंद. व्हिडिओ बघून सुरू केलं, कोणी तज्ज्ञ नाही. पाच किलो कमी झालं, उपाशीपोटी साखर ११० च्या आत आली. मीटर रोज सांगतंय की बरोबर चाललंय. चार दिवस जरा मळमळतंय आणि थकवा आहे, ते सुरुवातीला होतंच म्हणतात. स्वतःचं शरीर ऐकायला पदवी लागत नाही.

पालेभाजी · सोमवार, सकाळी ९:५२

नितीन, क्लिनिकमधूनच लिहितेय. कोणत्या गोळ्या घेता?

खारघरचा_नितीन · सोमवार, सकाळी १०:०१

मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिन.

पालेभाजी · सोमवार, सकाळी १०:०४

आत्ता, हा धागा बंद करून, तुमच्या डॉक्टरांना फोन करा. 'डापाग्लिफ्लोझिनवर आहे, महिनाभर कीटो करतोय, चार दिवस मळमळ आणि थकवा आहे' एवढं सांगा आणि रक्तातले कीटोन तपासून घ्यायला सांगा. उलटी, पोटदुखी किंवा धाप लागत असेल तर फोनही नको, थेट हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा. या गोळीवर असताना कर्बोदकं बंद केली तर रक्तात कीटोनचं आम्ल साचू शकतं आणि त्या वेळी मीटरवर साखर जवळपास नॉर्मल दिसते. मीटर चांगलं दिसतंय यावर विसंबू नका.

सुलभा_बेलापूर · सोमवार, सकाळी ११:२०

नितीन, मुला, गेलास ना डॉक्टरांकडे?

मीही लिहिते. आमच्या ह्यांना मूत्रपिंडाचा आजार आहे, अजून डायलिसिस लागलेलं नाही. आम्ही सकाळी पारसिक हिलच्या बाजूला फिरायला जातो. तिथे सगळे प्रेमाने सांगतात, नारळपाणी प्या, किडनी साफ होते. आम्ही वर्षभर रोज प्यायलो. शिवाय बीपीसाठी चांगलं म्हणून बाजारातलं ते कमी सोडियमचं मीठ आणलं. घरात कौतुकाने वापरलं.

ह्यांच्या रक्तातलं पोटॅशियम ६ च्या वर, म्हणजे धोक्याच्या पातळीला, गेलं तेव्हा डॉक्टरांनी हॉस्पिटलच्या आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. तिने तासभर बसवून स्वयंपाकघरातली एकेक बरणी तोंडी काढायला लावली. मिठाचं नाव ऐकलं आणि पेन खाली ठेवलं. त्या मिठात सोडियम कमी करून त्याजागी पोटॅशियम घातलेलं असतं! नारळपाण्यातही तेच. चांगल्या माणसाला चांगलं, ह्यांना विष. पालेभाज्या, बटाटे चिरून भरपूर पाण्यात उकळायचे, ते पाणी टाकून द्यायचं, मग फोडणी, हे तिनेच शिकवलं. चाळीस वर्षं स्वयंपाक केला मी, पण भाजीचं पाणी टाकायचं हे कोणी सांगितलं असतं तर त्याला वेड्यात काढलं असतं.

ती मुलगी तिशीतली होती. तिच्या टेबलावर विकायला एकही डबा नव्हता.

दंडबैठक · सोमवार, दुपारी ३:१०

मी कळव्याचा. अकरा वर्षं ट्रेनर आहे, आधी जिमच्या फ्लोअरवर, आता घरोघरी जाऊन शिकवतो. मृण्मयीताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. त्या मुलाच्या जागी मी होतो. नशीब की माझ्या हातून असं काही घडलं नाही.

आमच्या धंद्याचं खरं सांगतो. आपल्याकडे जिम ट्रेनर व्हायला कायद्याने कुठलीही परीक्षा लागत नाही. दंड चांगले आहेत, आरशात बरा दिसतो, एवढ्यावर फ्लोअरवर उभा करतात. मला तसंच घेतलं होतं. पहिलं वर्ष मी मोठ्या ट्रेनरचं बघून बघून शिकलो, म्हणजे त्याच्या चुकाही शिकलो.

मग पैसे साठवून कोर्स केला. चांगले कोर्स आहेत, नाही असं नाही. बाहेरच्या, अमेरिकेतल्या संस्थांमध्ये एस (ACE), नॅझम (NASM), एसीएसएम (ACSM) ही नावं ऐकली असतील. एसच्या परीक्षेला बसायला अठरा वर्षं पूर्ण आणि सीपीआरचं, म्हणजे हृदय बंद पडलं तर छाती दाबून जीव वाचवायच्या तंत्राचं, चालू प्रमाणपत्र लागतं. दीडशे प्रश्न, तीन तास. आणि पास झालं की जन्मभराचं नाही, दर दोन वर्षांनी वीस तासांचं नवं शिक्षण दाखवावं लागतं, नाहीतर सर्टिफिकेट बाद. म्हणून भिंतीवरची फ्रेम बघताना तारीख बघा. २०१४ ची असेल तर विचारा, पुढे काय? आपल्याकडे सरकारी कौशल्य योजनेतही खेळ आणि फिटनेसची वेगळी कौन्सिल आहे, ती फिटनेस ट्रेनरचं प्रशिक्षण आणि मूल्यमापन करते. शाळेतल्या पीटीच्या सरांचं बी.पी.एड. वेगळं, ते दोन वर्षांचं असतं. पतियाळाच्या एनआयएसचा, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, डिप्लोमा खेळाच्या कोचचा. ही सगळी माणसं शिकलेली, पण शिकलेल्या गोष्टी वेगवेगळ्या. कबड्डीचा उत्तम कोच तुमच्या बाबांच्या गुडघ्याला उत्तम असेलच असं नाही.

कोर्समध्ये मी काय शिकलो? स्नायू कुठून निघतो, कुठे लागतो. बीपीवाल्या माणसाने वजन उचलताना श्वास कोंडला तर प्रेशर एकदम उसळतं, म्हणून जोर लावताना श्वास सोडायचा. पुतळ्याच्या छातीवर सीपीआर, मनगटं दुखेपर्यंत. आणि एक वाक्य सर रोज म्हणायचे, तुझं काम कुठे संपतं ते वहीच्या पहिल्या पानावर लिही. आजार ओळखणं, औषध सांगणं, आजारी माणसाचा जेवणाचा तक्ता करणं हे ट्रेनरचं काम नाही. पाणी पी, भाजी वाढव, तळलेलं कमी कर, एवढं आम्ही बोलू शकतो.

मग सगळे तक्ते का देतात? कारण गिऱ्हाईक पहिल्याच दिवशी विचारतं, 'सर, डाएट?' नाही म्हटलं तर त्याला वाटतं याला येत नाही. मालक म्हणतो पॅकेजमध्ये लिहिलंय, दे. फ्लोअरचा पगार एवढासा, पर्सनल ट्रेनिंगच्या क्लायंटवर आणि प्रोटीनच्या डब्यांवर कमिशन. एकच तक्ता फोनमध्ये ठेवलेला असतो, नाव बदलून सगळ्यांना जातो. मीही पाठवलाय, पहिल्या वर्षी. कोणाकोणाला पाठवला ते आता आठवत नाही, आणि कधीकधी रात्री त्याचाच विचार येतो.

कोपरीकर दादा, तुमच्या काकांच्या वस्तादांना माझा नमस्कार. पण वस्तादांकडे पोरगं बाराव्या वर्षी यायचं आणि वीस वर्षं डोळ्यांसमोर असायचं. त्याच्या घरी काय शिजतं, रात्री किती वाजता झोपतो, सगळं ठाऊक. ती शिकवणूक कुठल्याही कोर्सपेक्षा मोठीच. शिवाय मातीत उतरणारं पोर निरोगी असायचं. चौदा वर्षं मधुमेह आणि तीन गोळ्या घेऊन कोणी आखाड्यात उतरत नव्हतं. आता आमच्याकडे तेच लोक येतात, आणि तीन महिन्यांसाठी येतात.

कोपरीकर · सोमवार, दुपारी ४:२५

हे पटलं. निरोगी पोरांचा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता. काकांना फोन केला, तेही म्हणाले की मधुमेहाचा कोणी आला असता तर वस्तादांनी त्याला आधी वैद्यांकडे धाडलं असतं.

रेवाची_आई · सोमवार, संध्याकाळी ७:३०

पालेभाजी ताई, एक प्रश्न. माझी मुलगी बारावी सायन्सला आहे, आम्ही ऐरोलीला राहतो. तिला यातच जायचंय. सासूबाई म्हणतात होम सायन्स म्हणजे पैसे भरून स्वयंपाक शिकणं. मला तिची बाजू घ्यायची आहे, पण माहिती नाही. घरबसल्या पत्राने करता येईल का? प्रवास वाचेल.

पालेभाजी · सोमवार, रात्री ९:४५

रेवाच्या आई, सासूबाईंना जीवरसायनशास्त्राचं पुस्तक दाखवा. माझी आजीही हेच म्हणायची. नंतर तिच्या पथ्याची वही मीच लिहायची आणि ती ती वही देवघरात ठेवायची.

मुंबईत या विषयाच्या जुन्या जागा दोन. जुहूला एसएनडीटी विद्यापीठाचं गृहविज्ञान महाविद्यालय आणि मरीन लाइन्सला निर्मला निकेतन. ऐरोलीहून ठाणे, ठाण्याहून दादर, दादरला पश्चिम रेल्वे. दमवणारा प्रवास आहे. मी नेरूळहून पाच वर्षं केला. तरी पत्राने करू नका. यूजीसीने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून अन्न आणि पोषण, क्लिनिकल न्यूट्रिशन आणि डायटेटिक्स हे विषय दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने शिकवायला बंदी केली, वर सांगितलेल्या कायद्याच्याच आधाराने. रुग्णाच्या पलंगाजवळ उभं न राहता हे येत नाही. प्रवेश घेताना कॉलेजला दोनच गोष्टी विचारा, विद्यापीठाची मान्यता आहे का आणि इंटर्नशिप कुठल्या हॉस्पिटलमध्ये असते. दुसऱ्याचं उत्तर गुळमुळीत आलं तर पुढचं कॉलेज बघा.

मृण्मयी, सकाळचं अर्धं राहिलं होतं. बाबांसाठी कोणाकडे गेलात की ती तुम्हाला काय विचारते ते ऐका. पहिल्या भेटीत मी तरी खायचं काहीच सांगत नाही, विचारतच असते. गोळ्यांची पाकिटं बघते, नावं ऐकून भागत नाही. रिपोर्ट बघते, मूत्रपिंड कसं चाललंय ते सांगणारं क्रिएटिनिन तर बघतेच. स्वयंपाक कोण करतं? एकादशी, चातुर्मास, संकष्टी काय काय पाळता? दात कसे आहेत? एकटे जेवता का? शेवटचा प्रश्न विचारला की पुष्कळ वयस्क माणसं गप्प होतात, आणि त्यांची साखर का हलते ते तिथे कळतं.

पावडरचं सांगते. आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या शिफारशीप्रमाणे निरोगी प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं रोज पुरतात. बाबा ६४ किलोचे असले तर साधारण ५३ ग्रॅम. दोन स्कूपमधूनच बहुतेक तेवढी आली असती, अंडी आणि डाळ वेगळी. मूत्रपिंडाची तपासणी न करता चौदा वर्षांच्या मधुमेही माणसाला हा भार देऊ नये. याच संस्थेच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शक सूचनांतही शरीर कमावण्यासाठी प्रोटीन पावडर टाळा असंच सांगितलंय. डब्यावरचा एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा आकडी क्रमांक म्हणजे बनवणाऱ्याचा परवाना. तो डबा बाबांना योग्य आहे असा त्याचा अर्थ होत नाही.

आणि कोणी भात-पोळी आयुष्यातून काढा म्हणालं तर उठून या. मी आगरी-कोळी घरांतल्या मधुमेही बायकांची ताटं बसवली आहेत, तांदळाची भाकरी आणि मांदेलीचं कालवण ठेवून. भाकरी दोनाची एक, सोबत भाजी दुप्पट, जेवणाची वेळ पक्की. त्या बायका आजही येतात. पहिल्या दिवशी भाकरी काढून घेतली असती तर दुसऱ्या दिवशी आल्या नसत्या.

खारघरचा_नितीन · मंगळवार, रात्री ८:१५

हॉस्पिटलमधून लिहितोय. कीटोन वाढलेले निघाले, साखर फक्त १६०. दाखल करून घेतलं, सलाइन आणि इन्शुलिन सुरू आहे. ती गोळी बंद केली. डॉक्टर म्हणाले वेळेत आलात. पालेभाजी ताई, मला काय लिहावं कळत नाही. बायकोने तुमच्यासाठी नमस्कार सांगितलाय.

सुलभा_बेलापूर · मंगळवार, रात्री ८:२०

देवाची कृपा. आता फोन ठेव आणि झोप.

पालेभाजी · मंगळवार, रात्री ९:००

नितीन, लवकर बरे व्हा. डिस्चार्जच्या आधी तिथल्या आहारतज्ज्ञांना भेटूनच निघा. वजन तुम्ही मेहनतीने कमी केलंत, ते टिकवता येईल. गोळ्यांना धरून नीट आखणी करतील त्या.

मृण्मयी_वर्तकनगर · तीन आठवड्यांनंतर, शनिवार, सायंकाळी ६:४०

उशिरा लिहितेय, पण सगळ्यांना कळवायचं होतं.

बाबांना नौपाड्यात एका आर.डी. बाईंकडे नेलं. पावणेदोन तास गेले. पहिली वीस मिनिटं बाबा ताठ बसले होते, मग तिने विचारलं, रात्री जेवताना सोबत कोण असतं? बाबा म्हणाले, टीव्ही. माझी ड्यूटी दुपारची, मी घरी येते तेव्हा दहा वाजलेले असतात. मी शेजारच्या खुर्चीवर होते आणि मला बघवेना कोणाकडे. आता आम्ही साडेआठला व्हिडिओ कॉल लावून जेवतो, मी ऑफिसच्या कँटीनमध्ये आणि ते घरी. ज्वारीची भाकरी परत आली आहे. डॉक्टरांनी ग्लिमेपिराइडची मात्रा कमी केली. बाईंनी आणि डॉक्टरांनी एकमेकांशी फोनवर बोलून हे ठरवलं, हे मी पहिल्यांदाच बघितलं.

आणि तो मुलगा घरी आला होता, बाबांना भेटायला. बाबांनी त्याला समोर बसवून दोन तास शिकवणीच घेतली म्हणा ना. निघताना तो म्हणाला की त्याने रीतसर कोर्सला नाव घातलंय, सीपीआरचा वर्ग पुढच्या रविवारी आहे. जिममध्ये येणाऱ्या नवीन माणसाला आधी काय विचारायचं ते त्याला लिहून हवंय. दंडबैठक, तुमच्याकडे असं काही मराठीत आहे का?

दंडबैठक · शनिवार, रात्री १०:३०

ताई, आहे. कॅनडातून आलेली जुनी प्रश्नावली आहे, पार-क्यू म्हणतात, सात प्रश्नांची. मी माझ्या शब्दांत मराठीत करून क्लायंटकडून भरून घेतो. तुला हृदयाचा आजार आहे, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच व्यायाम कर, असं कधी डॉक्टरांनी सांगितलंय का. श्रम करताना छातीत दुखतं का. गेल्या महिन्याभरात नुसतं बसलेलं असतानाही दुखलं का. चक्कर येऊन तोल जातो किंवा शुद्ध हरपते का. हाडाचं, सांध्याचं काही दुखणं आहे का, जे व्यायामाने वाढेल. बीपीची किंवा हृदयाची गोळी चालू आहे का. आणि शेवटी, व्यायाम करू नये असं आणखी काही कारण तुला ठाऊक आहे का. एकालाही 'हो' आलं तर आधी डॉक्टरांची चिठ्ठी, मग वजनाला हात. वय ६९ च्या पुढे आणि व्यायामाची सवय नसेल तर सगळी 'नाही' असली तरी चिठ्ठी.

त्या जुन्या कागदावर मधुमेहाचा वेगळा प्रश्न नाही. तुमचा धागा वाचल्यावर मी माझ्या कागदावर आठवा प्रश्न पेनाने लिहिला, आणि तो रोज विचारतो, फक्त पहिल्या दिवशी नाही. त्यालाही सांगा. काका, आज गोळी घेतली का, आणि तिच्यानंतर काय खाल्लं?